काढलेली खळ

ज्याला दुधावरची साय बघून ओकारी येते, त्याच्या नशिबी जन्मभर पुस्तकं चिकटवायची खळ शिजवणं यावं, याला थट्टा म्हणायचं की सूड, ते तुम्हीच ठरवा. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात त्याला खऱ्या नावाने कोणी ओळखत नसे. दिवसातून इतक्या वेळा तो ‘छी’ म्हणायचा की तेच नाव पडलं, छीभाऊ. कोणी हाक मारली की आपणच काही बोललो की काय, असा त्याचा त्यालाच घोळ व्हायचा.

किळस कशाची नव्हती ते विचारा. शेंबडाची, लोण्याची, साबणाच्या वडीखाली साचलेल्या बुळबुळीत पाण्याची, पिकून बिलबिलीत झालेल्या केळ्याची, दुसऱ्याच्या कपात उरलेल्या चहाची. जे धड घट्ट नाही आणि धड पातळ नाही, त्या सगळ्याची. दगड कसा, आपटला तरी दगडच राहतो. पाणी कसं, ओतलं की निघून जातं. हे मधलं जे असतं ना, ते चोर असतं, असं त्याचं म्हणणं. पडून आहे तोवर शहाण्यासारखं जागेवर उभं. जरा ढवळा, लागलं पळायला. सोडून द्या, पुन्हा आपलं उभं, जणू काही घडलंच नाही. असल्या दुटप्पी गोष्टीवर माणसाने भरवसा ठेवावा कसा?

पण मजा बघा, ज्याच्या डोक्यात त्या चिकट प्रकारावर एवढा राग, त्यालाच त्याची नाडी सापडली होती. कारखान्याच्या मागच्या खोलीत शेगडी, तिच्यावर जाड बुडाचं पातेलं आणि हातात लाकडाचा लांब दांडा. पीठ थंड पाण्यात कालवायचं, गुठळी ठेवायची नाही, आच मंद. कितीतरी वेळ नुसतं पांढरं पाणी हलत राहतं. नवखा माणूस कंटाळून आच वाढवतो आणि खाली करपवतो. छीभाऊ थांबायचा. मग एका क्षणी दांडा जड व्हायचा. पिठाचा कण न् कण पाणी पिऊन फुगलेला, एकमेकांना खेटलेला, पाण्याला हलायला जागाच नाही. पांढरेपणा जाऊन खळीला काचेसारखी झाक यायची. दांडा वर उचलला की खळ सलग पडद्यासारखी उतरली पाहिजे. थेंब थेंब गळली तर कच्ची, गोळा होऊन पडली तर कामातून गेली. वरून दांड्याने रेघ ओढली तर रेघ श्वासभर टिकावी आणि मग हळूच बुजावी. एवढं सगळं दांड्यातून. अख्ख्या नोकरीत त्याने खळीला बोट म्हणून लावलं नव्हतं.

आणि कारखान्यात त्याचा एक नियम होता. मालक बदलले, मुकादम बदलले, नियम बदलला नाही. प्रत्येकाने आपल्या डब्यात खळ काढून न्यायची, आणि काढलेली खळ पातेल्यात परत जात नाही. उरली, फेकून द्या. कारण काय, तर थुंकी. बांधणीवाल्यांना पानं उलटताना अंगठा जिभेला लावायची खोड, कोणी तर ब्रशचे केस जुळावेत म्हणून ब्रशच तोंडात धरतो. नुसतं आठवूनसुद्धा छीभाऊच्या पोटात ढवळायचं. आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला उभं करून तो नाक मुरडत सांगायचा, की ढवळून पातळ झालेली खळ म्हणजे दमलेला माणूस, घटकाभर बसू दिलं की उठते. थुंकी लागलेली खळ वेगळी. तिला आतून वाळवी लागते. कण न् कण कुरतडला जातो. लागते तेव्हा पत्ता लागत नाही, आणि कळतं तेव्हा पातेल्यात पाणी असतं. मग ती कितीही बसू द्या, पुन्हा उभी राहत नाही. अशा खळीने चिकटवलेली पुस्तकं लोकांच्या हातात पाठ सोडतात. हे सांगून झालं की तो नळावर जाऊन हात धुवायचा, हाताला काही लागलेलं नसताना.

घरी आक्का होती. त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा हा रांगत होता आणि आक्का स्वतःच फ्रॉकमध्ये होती. तिने याला वाढवलं. याचं नाक वाहायचं तर ती बोटांनी पुसायची आणि बोटं आपल्याच फ्रॉकला. याचं ओकणं, याचं हगणं-मुतणं, कान फुटला तेव्हाचा पू, सगळं त्या एका फ्रॉकने बघितलं. पुढे तिने लग्न केलं नाही आणि कोणी विचारलं तर म्हणायची, एक पोर वाढवून हौस फिटली. घरात तिचा शब्द चालायचा. हा ताटावर नाक मुरडायला लागला की सुनावायची, “नाकाने कांदे सोलू नकोस. तू काय धुऊन-पुसून आकाशातून पडलास? पुसणारी मी होते.”

तिचं अर्धं अंग एका सकाळी गेलं. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, त्या कोपऱ्यातून लाळेची तार लागली ती लागलीच. बोलणं एकेका शब्दावर आलं. आणि पाणी प्यायलं की ते भलत्याच वाटेने उतरायला लागलं.

हॉस्पिटलात एक बाई गिळायला शिकवायला होत्या. छीभाऊ त्यांना गिळणाऱ्या बाई म्हणायचा, कुत्सितपणे. त्यांनी नीट समजावलं होतं. पाणी घाईचं असतं, आणि आक्काच्या घशाचं दार आता सावकाश लागतं. दार लागायच्या आत पाणी श्वासाच्या वाटेने छातीत शिरतं. म्हणून तिला जे द्यायचं ते घट्ट करून द्या. सूप असो, दूध असो, पीठ घालून शिजवा, म्हणजे ते रेंगाळत उतरेल आणि दाराला वेळ मिळेल. मग दोन वाट्या काढून दाखवल्या. मोठीतून थोडं थोडं लहान वाटीत घ्यायचं, भरवायचं लहान वाटीतूनच. तोंडातला चमचा मोठ्या वाटीत जायचा नाही, लहानीत उरलं ते टाकून द्यायचं. छीभाऊच्या बायकोने सगळं नीट बघितलं. हे महाशय खिडकीबाहेर उभ्या गाड्या बघत होते, कारण आक्काच्या हनुवटीवरून लगदा ओघळत होता आणि त्यांना उमासे येत होते. सख्ख्या बहिणीच्या लाळेने! अहो, किळस यावी तर असल्या माणसाची यावी.

वडील शेवटी नाकात अन्नाची नळी घालून गेले होते. नळी उपसू नये म्हणून त्यांचे हात पलंगाला बांधले होते, आणि ते बांधायचं काम आक्काच्याच वाट्याला आलं होतं. आजारपण येण्याच्या किती तरी आधी तिने हे सांगून ठेवलं होतं. नंतरही, शब्द जड झाल्यावर, चालत्या हाताने भावाचं मनगट धरून ती पुन्हा बोलली.

“नळी नको, बारक्या. उपाशी मार. नळी नको.”

बारक्याने मान हलवली आणि मनगट सोडवून घेतलं. तिचा हात ओला होता.

बायकोने कित्येक महिने निभावलं. आक्का सुधारली नाही पण बिघडलीही नाही. पेला हातात धरायला लागली, शेजारणीला एका शब्दात टोमणे मारायला लागली. मग लेकीचं बाळंतपण आलं, परगावी. बायकोला जाणं भाग होतं. निघताना ती वाट्यांचं पुन्हा सांगायला लागली, तेव्हा छीभाऊ उखडला. जन्म खळीत गेला आणि घट्ट-पातळ मला शिकवतेस का, म्हणाला. बायको गप्प बसली. गप्प बसायला नको होतं.

लगदा मात्र त्याने शिजवावा! सकाळ, दुपार, संध्याकाळ ताजा. एक गुठळी नाही, रेघ ओढली की श्वासभर टिकणार, चमचा तिरका केला की सलग पडदा. दुपारी तो मुद्दाम कारखान्यातून घरी यायचा, कारखाना दोन गल्ल्या टाकून होता. शेजारीण कौतुकाने म्हणायची, भाऊ असावा तर असा.

पण भरवणं? भरवताना तो पलंगाशेजारी तिरका बसायचा, तोंड भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. चमचा अंदाजाने पुढे जायचा, ओठांना लागला की आत, की परत वाटीत, की परत तोंडात. वाटी एकच. दुसरी वाटी म्हणजे लाळेने लडबडलेलं दुसरं भांडं, ते धुणार कोण? तेवढ्यासाठी. फक्त तेवढ्यासाठी, बरं का. जेवण संपलं की दोन बोटांच्या चिमटीत वाटी धरून, मान फिरवून, सरळ साबणाच्या बादलीत बुडवायची. आत काय उरलंय हे बघायचा प्रश्नच नव्हता.

थोड्याच दिवसांत ठसका सुरू झाला. अर्धी वाटी होईपर्यंत ठीक, तळाशी आलं की ठसका, चेहरा लाल, डोळ्यांत पाणी, आणि खोकल्याबरोबर जे बाहेर यायचं ते छीभाऊच्या शर्टावर. तो किंचाळत मोरीकडे पळायचा. आक्का मग अर्ध्या वाटीनंतर तोंडच मिटून घ्यायला लागली. चमचा हाताने ढकलायची आणि म्हणायची, “पातळ.”

आता हे कोणाला म्हणायचं? छीभाऊला? तो तडक स्वयंपाकघरात जाऊन पातेलंच घेऊन आला. चमचा भरून तिच्या डोळ्यांसमोर तिरका केला, लगदा सलग पडद्यासारखा उतरला. बघ म्हणाला, याला पातळ म्हणतात? आक्काने पातेल्याकडे बघितलंही नाही. चालत्या हाताचं बोट त्याच्या मांडीवरच्या वाटीकडे करून पुन्हा म्हणाली, “पातळ.” त्याने कॅलेंडरकडे तोंड फिरवलं. आजाऱ्याची कुरकुर, दुसरं काय. शेजारणीला सांगितलंसुद्धा, की म्हातारीला आता नखरे सुचतायत.

मग ताप आला. छातीत घरघर. हॉस्पिटलात नेलं, सुया झाल्या, औषधं झाली, ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, अन्न छातीत जातंय, घसा आणखी ढिला पडलेला दिसतो. आता तोंडाने देणं धोक्याचं आहे. अगदी घट्टच द्या, अगदी थोडं द्या आणि सोमवारी घेऊन या. खोकला असाच राहिला तर नाकातून नळी घालू. आक्का ऐकत होती. तिने भावाकडे बघितलं आणि भावाने पायातल्या चपलेकडे.

बायकोचा फोन आला तेव्हा आक्काच्या तापाचं ऐकून ती रडत होती. मधेच थांबून तिने विचारलं, दोन वाट्या घेता ना हो? आणि हा माणूस, खळीत थुंकणाऱ्यांना जन्मभर शिव्या घालणारा हा माणूस, हो म्हणाला. विचार न करता. वाट्यांचा विषय निघाला की त्याला मळमळायचं, तो विषय लवकर संपावा एवढ्यासाठी.

सोमवारच्या आधीचा कामाचा दिवस. कारखान्यात कव्हरं चढवायला नवा दाढीवाला आला होता. हाताचा चांगला, पण ब्रश तोंडात धरायची सवय. सकाळी छीभाऊने त्याला समोर उभं करून सगळं पुराण ऐकवलं होतं, पण पालथ्या घड्यावर पाणी. दुपारच्या सुट्टीच्या थोडं आधी दाढीवाला आपला डबा घेऊन मागच्या खोलीत आला. खळ जरा सैल पडलीय म्हणाला, पातेल्यात ओतून एकदा ढवळून घेऊ की, होईल नीट. आणि डब्यात ब्रश फिरवत तो पातेल्याकडे निघाला.

छीभाऊने तोंड उघडलं. शिव्यांची माळ तयारच होती. पण डब्यातून आवाज आला. चुळुक. चुळुक. ब्रशचा दांडा पत्र्यावर टकटक वाजत होता. घट्ट खळीत ब्रश मुका असतो, कडेला आपटत नाही. आणि हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. कारखान्यातला नव्हे. रोज तीन वेळा, कॅलेंडरकडे तोंड करून बसल्यावर, वाटी तळाशी आली की ऐकू येणारा. चुळुक. चमचा वाटीवर टक. आणि मग ठसका.

डोळे फिरवले होते त्याने, कान कसे फिरवणार?

शिव्या घशातच राहिल्या. दाढीवाल्याच्या हातातून डबा काढून घेऊन त्याने मोरीत उपडा केला, आणि घरी निघाला. कारखान्यातले लोक एकमेकांकडे बघत राहिले, कारण छीभाऊ ‘छी’ म्हणाला नव्हता.

घरी येऊन त्याने लगदा शिजवला, रोजच्यासारखाच. रोजचीच वाटी घेतली आणि आक्कासमोर बसला. या खेपेला तोंड कॅलेंडरकडे नव्हतं. पहिले चार घास तिने गिळले. प्रत्येक घासाला चमचा तिच्या ओठांतून बाहेर यायचा, त्याला लाळेची तार लोंबत असायची, आणि ती तार चमच्याबरोबर वाटीत उतरायची. छीभाऊच्या घशाशी आलं. तरी तो बघत राहिला. मग भरवायचं थांबवून त्याने ती वाटी खिडकीत ठेवली. स्वयंपाकघरातून दुसरी स्वच्छ वाटी भरून आणली आणि पहिलीच्या शेजारी ठेवली. आक्काला म्हणाला, जरा थांब. बसू दे तिला. दमलेली असली तर उठेल.

त्याला मनापासून वाटत होतं की उठावी. देवाशपथ, कोणत्याही खळीने उठावं असं त्याला इतकं कधी वाटलं नव्हतं.

थोड्या वेळाने त्याने दोन्हींत चमच्याने रेघ ओढली. स्वच्छ वाटीतली रेघ राहिली. दुसरीत रेघ उमटलीच नाही, चमच्यामागून पाणी आपलं जुळत गेलं. कडेला पातळ, मळकट वलय सुटलं होतं. त्याने वाटी तिरकी केली, आणि त्याचा तो नामी लगदा, रेघ टिकणारा, सलग पडदा पडणारा, सरळ खिडकीच्या फरशीवर सांडला आणि भिंतीवरून ओघळला.

पलंगावरून आक्का हे सगळं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर ना राग होता ना काही.

“पातळ,” ती म्हणाली.

“हो आक्का,” तो म्हणाला. “पातळ.”

मग तो मोरीत गेला आणि ओकला. या वेळी कशामुळे ते त्याला ठाऊक होतं. लाळेमुळे नव्हे. लाळ बिचारी तिचं काम करत होती, अन्न विरघळवायचं. घाण होती ती वेगळीच, कॅलेंडरकडे बघत बसणारी, फोनवर हो म्हणणारी. ती धुवायला तो बराच वेळ नळाखाली हात धरून उभा राहिला, पण असली गोष्ट नळाने जाते थोडीच.

त्या दिवसापासून सोमवारपर्यंत त्याने दोन वाट्या घेतल्या. दर काही घासांनी लहान वाटी टाकून नवी, चमचाही नवा. बादली खरकट्या वाट्यांनी भरून जायची. तो त्या घासायचा, तोंड वाकडं करून, उमासे काढत. ठसका कमी झाला, पण छातीतली घरघर होतीच. आधी जे आत गेलं होतं ते काही दोन वाट्यांनी बाहेर येणार नव्हतं.

सोमवारी डॉक्टर होते, गिळणाऱ्या बाई होत्या, आणि टेबलावर नळीचं पाकीट काढून ठेवलेलं होतं. आक्काची नजर त्याच्यावरून हलत नव्हती. डॉक्टर सांगायला लागले तेव्हा छीभाऊ मधेच बोलला. घसा ढिला नाही पडला म्हणाला, मी ढिला पडलो.

“थुंकीत कालवून भरवत होतो मी तिला. एकाच वाटीतून. ती रोज सांगत होती पातळ आहे म्हणून, आणि मी बघत नव्हतो. मला किळस यायची.”

गिळणाऱ्या बाईंनी त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं, जशी नजर तो जन्मभर दुसऱ्यांवर टाकत आला होता. मग त्या म्हणाल्या, भरवा बघू, मी बघते.

त्याने लहान वाटीत थोडं घेतलं. आक्काने तोंड उघडलं. घास आत गेला, गळ्याचं हाड वर गेलं, खाली आलं. सगळे ठसक्याची वाट बघत होते. दुसरा घास. तिसरा. ओढलेल्या कोपऱ्यातून लाळमिश्रित लगदा हनुवटीकडे निघाला. बाई म्हणाल्या, पुसा, परत आत जाता कामा नये. फडकं पिशवीत होतं आणि पिशवी दाराशी. छीभाऊचा अंगठा पुढे गेला. ज्या अंगठ्याने कधी खळीला स्पर्श केला नव्हता, तो तिच्या हनुवटीवरून ओठापर्यंत फिरला. गरम, बुळबुळीत. त्याच्या पाठीवरून शहारा गेला, पोट वर आलं. त्याने ते गिळलं.

ठसका आला नाही. डॉक्टर म्हणाले, आत्ता नळी नको. पुन्हा ताप आला तर मात्र माझा इलाज नाही, छातीचं नुकसान झालंय ते झालंय. बाईंनी पाकीट उचलून कपाटात ठेवलं.

आक्काने त्याच्या अंगठ्याकडे बघितलं. वाकडं तोंड आणखी वाकडं झालं.

“छी,” ती म्हणाली.

तो अंगठा हवेत धरून इकडे तिकडे बघायला लागला. पुसायला काही नव्हतं. मग त्याने तो आपल्याच शर्टाला पुसला, छातीवर, सगळ्यांसमोर. किळस आली, चांगली सडकून आली. त्याने नवी वाटी घेतली, नवा चमचा घेतला आणि पुढचा घास भरला.